मेस्त्रींचं व्रत

नारा, ७ डिसेंबर २००८

ताईस, गेनसाकुचा नमस्कार.

तुझं पार्सल परवा पोचलं. सुके मासे अजून आहेत, मुळ्याचं लोणचं मात्र सहा जणांनी एका जेवणात संपवलं. हाताखालचा तामेजी बरणी पुसत म्हणाला, "मेस्त्री, साके कशीही उतरो, फुसाएमावशींच्या मुळ्यासाठी तरी आम्हाला दरवर्षी इथे आणत जा." तांदळाची दारू गाळणाऱ्या माणसाने असं बोलावं! पण खाताना मीही मागे नव्हतो.

फोन का करत नाही म्हणून तू रुसतेस. फोन कोठाराच्या मालकांच्या खोलीत आहे, शेजारी मालकीणबाई बसलेल्या असतात आणि तुझा आवाज एवढा खणखणीत की नळी कानाला लावायचीही गरज पडत नाही. त्यापेक्षा पत्र बरं.

छातीचं विचारलंस. तामेजीच्या बायकोने तुझ्या कानावर घातलेलं दिसतंय. फार काही नाही. गेल्या महिन्यात वाफवलेला भात उचलताना छातीत आवळल्यासारखं झालं. गावातले डॉक्टर सुगिमोरी तरुण आहेत, पण मन लावून तपासतात. म्हणाले, हृदयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. तांदळाच्या कणीएवढ्या गोळ्या दिल्यात. दुखलं की एक जिभेखाली ठेवायची आणि बसून राहायचं, पाच मिनिटांत आराम. पहिल्या खेपेला नाही पडला. चूक माझीच होती. बाटली खिशात घेऊन मी दिवसभर भातावर कोजीची बुरशी चढवायच्या खोलीत राबतो, तिथल्या उकाड्यात औषध बिघडणारच. आता बाटली खिडकीतल्या थंडीत ठेवतो.

नव्या ट्रकवाल्याने काल विचारलं, "मेस्त्री चव घेऊन थुंकतात, गिळत का नाहीत?" तामेजीने त्याला माझं व्रत ऐकवलं. हंगामाचे पाच महिने कोठारातल्या देवाला शब्द दिलाय, शेवटी भात वाफवायचा हंडा आडवा होईपर्यंत थेंब पोटात जाणार नाही, वगैरे वगैरे. ट्रकवाल्याने मला वाकून नमस्कार केला. ऐकून माझेच कान गरम झाले. तुला आणखी काय सांगणार.

तुझा,
गेनसाकु

ओजिरो, १५ डिसेंबर २००८

चि. गेनसाकुस,

व्रत म्हणे! लाज वाटत नाही का रे, सदुसष्ट वर्षांच्या माणसा?

सतराव्या वर्षी जत्रेत अर्धी वाटी साके प्यायलास आणि लालबुंद होऊन देवळामागे आडवा झालास, तेव्हा वारा कोण घालत होतं? तुझ्या लग्नात नवरा-नवरीच्या त्या नऊ घोटांत तुझ्या वाटीत पाणी कोणी ओतलं? किनुलासुद्धा ते कळलं नाही, ती बिचारी खरी साके प्यायली. "ताई, कुणाला सांगणार नाहीस अशी शप्पथ घे," म्हणालास. घेतली. आज बेचाळीस वर्षं तोंड शिवून बसलेय, आणि तू देवाच्या नावावर नमस्कार घेतोस.

हंगाम संपल्यावरच्या मेजवानीत अजूनही आपली वेगळी सुरई भरतोस ना, पाण्याची? आणि दुसऱ्या घोटाला झिंगल्यासारखं गाणं म्हणतोस? गाणं तरी नीट म्हणत जा.

चेष्टा पुरे. मला खरं सांग, किती वेळा दुखलं? "फार काही नाही" हे तुझं नेहमीचंच आहे. किनुच्या आजारपणातही तू असंच लिहायचास.

इथे कमरेएवढं बर्फ आहे. नव्या वर्षाला माझा रेन्जी घरी येणार आहे. तोयोओकाच्या औषधांच्या दुकानात आता त्याच्या हाताखाली तिघे जण आहेत. तुझं नाव निघालं की अजून गप्प होतो. का ते तुला ठाऊक आहे, मी उगाळत नाही.

तुझी ताई,
फुसाए

नारा, ६ जानेवारी २००९

ताईस, नव्या वर्षाचा नमस्कार.

पहिल्या तारखेला देवापुढे नवी साके ठेवली. आंबवण छान चढलंय, जवळ गेलं की नाशपतीसारखा वास येतो. मालक म्हणतात, यंदा सरकारी परीक्षणात आपलं पिंप पहिल्यात येणार. मालक दरवर्षी असंच म्हणतात, पण यंदा मलाही तसं वाटतंय.

तू विचारलंस म्हणून खरं लिहितो. चार वेळा दुखलं. डॉक्टरांनी दोनदा बाटली बदलून दिली, दुसरी थेट दुकानातून बर्फात घालून आली. तरी तेच. गोळी जिभेखाली ठेवतो, भिंतीला टेकून बसतो आणि वाट पाहतो. दुखणं त्याला वाटेल तेव्हा जातं, गोळीचं ऐकत नाही. गेल्या खेपेला वीस मिनिटं लागली. घाबरलो होतो, ताई. हे तुलाच लिहितो.

काल एक गंमत झाली. डॉक्टर स्वतः कोठारात आले. मालकीणबाई चहा घेऊन उभ्या, तामेजी शेजारी. डॉक्टरांनी विचारलं, "मेस्त्री, साके प्यायल्यावर तुमचा चेहरा लाल होतो का?"

मी एकदा तामेजीकडे पाहिलं. मग मी मोठ्याने हसलो. "डॉक्टर, पन्नास हंगाम साके गाळणाऱ्या माणसाला हे विचारता?" तामेजी तर हसून हसून खाली बसला. "आमचे मेस्त्री मेजवानीच्या रात्री अख्खी सुरई रिकामी करतात आणि चेहरा कसा, तांदळाच्या पिठासारखा!" डॉक्टर ओशाळले, वहीत काहीतरी लिहिलं आणि गेले. असला प्रश्न कशाला विचारायचा, मला कळलं नाही. रेन्जीला काही कळत असेल तर बघ. माझं नाव मात्र घेऊ नकोस.

गेनसाकु

ओजिरो, १४ जानेवारी २००९

गेनसाकु,

हे पत्र एकटा असताना वाच, आणि दोनदा वाच.

रेन्जी जायच्या आधी मी त्याला विचारलं. म्हटलं, आपल्या गावात एक बाई आहे, तिला हृदयाची जिभेखालची गोळी लागू पडत नाही, आणि डॉक्टर तिला भलतंच विचारतात, दारूने लाल होतेस का म्हणून. त्याने भाताची वाटी खाली ठेवली.

"आई, डॉक्टर भलतंच विचारत नाहीयेत," तो म्हणाला. "आपल्या पेशींत हजारो तऱ्हेची प्रथिनं असतात आणि प्रत्येकाला आपापलं काम असतं. दारू पोटात गेली की तिचं आधी एक जहाल द्रव्य होतं. ते मोडून टाकायला एक प्रथिन नेमलेलं आहे. आपल्याकडे पुष्कळ माणसांत ते जन्मापासूनच थोडं चुकीचं घडलेलं असतं, आई नाहीतर बापाकडून आलेलं. मग ते जहाल द्रव्य रक्तात फिरत राहतं, चेहरा पेटतो, छाती धडधडते. माझं होतं तसं."

"आणि गोळीचा काय संबंध?"

"तेच प्रथिन गोळीवरही काम करतं. गोळी जिभेखाली विरघळते खरी, पण रक्तवाहिन्या सैल करणारं जे काही तिच्यात आहे, ते बाहेर काढतं हे प्रथिन. ते लंगडं असेल तर गोळी शरीरात जाते आणि नुसती पडून राहते. लाल होणाऱ्या सगळ्यांचंच असं होतं असं नाही, पण बऱ्याच जणांचं होतं. दुसरी औषधं आहेत, ती वेगळ्या वाटेने काम करतात. त्या बाईने डॉक्टरला फक्त खरं सांगायचं. एवढंच."

गेनसाकु, तुला हे मी काय समजावणार? जन्मभर तू हेच करत आलास. कोजी नीट चढली नाही तर तांदूळ कितीही उंची असो, गोड होत नाही. तुझी गोळी बिघडलेली नाही रे, तुझ्या अंगातली कोजी कच्ची आहे. दहा नव्या बाटल्या आणल्यास तरी काही होणार नाही.

उठताना रेन्जीने विचारलं, "त्या बाईचा चेहरा माझ्यासारखाच कानांपासून लाल व्हायला लागतो का?" मी भांडी घासायला गेले.

डॉक्टरला सांग. चारचौघांत नको, त्यांच्या दवाखान्यात जाऊन सांग. पाच मिनिटांचं काम आहे.

ताई

नारा, २२ जानेवारी २००९

ताईस,

दोनदा नाही, सहादा वाचलं. रेन्जी बोलतो छान. कोजीचं तुझंच असणार.

पण आत्ता जमणार नाही. रागावू नकोस, आधी ऐक. दवाखाना एवढासा आहे, तिथली नोंदी ठेवणारी बाई मालकीणबाईंची मावसबहीण. सकाळी सांगितलं तर दुपारच्या जेवणाला ते कोठारात पोचेल. मेस्त्रीला साके सोसत नाही! मेस्त्री झाल्यापासून एकोणीस वर्षं ज्या व्रताचं कौतुक झालं ते थोतांड निघालं! मालक म्हणतील, आणखी काय काय खोटं होतं? आपल्या गावचे सहा जण माझ्या शब्दावर इथे येतात. पुढच्या नोव्हेंबरात त्यांना कोण बोलावेल? तामेजीच्या घरी शेती म्हणजे बर्फाखालची दोन वावरं.

आणि रेन्जीचं. अठरा वर्षांपूर्वी तो पहिल्या हंगामाला माझ्याकडे आला. एका घोटात लाल झाला. कान, मान, सगळं, हुबेहूब मी. जुना कोठारी त्याच्याकडे बघून म्हणाला, "मामावर गेलेला दिसत नाही पोरगा." सगळे हसले. आज ना उद्या कुणीतरी उलटं, मामावरच गेलाय असं म्हणेल या भीतीने आठ दिवसांत मी त्याला परत धाडलं. "ज्याला साके सोसत नाही त्याचं इथे काम नाही," असं सगळ्यांसमोर बोललो. तू तेव्हा मला एक अक्षर बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं.

चौदा मार्चला हंडा आडवा होईल. त्यानंतर डॉक्टरांना सांगतो, वचन देतो. सात आठवडे तर राहिलेत. तोवर तू गप्प राहा. तू शप्पथ घेतली आहेस.

गेनसाकु

ओजिरो, २७ जानेवारी २००९

गेनसाकु,

मी शप्पथ मोडली.

तुझं पत्र दुपारी आलं, संध्याकाळी मी रेन्जीला फोन केला आणि सांगितलं, ती बाई म्हणजे तुझा मामा. तो मग म्हणाला, "डॉक्टरचं नाव आणि गाव सांग." तेवढंच. त्याने आज सकाळी सुगिमोरींना फोन केलाय. अठरा वर्षांपूर्वी त्याला परत का धाडलंस ते मी त्याला सांगितलेलं नाही, ते तुझं तू सांग.

सात आठवडे म्हणे. किनुच्या वेळेला आपण असेच आठवडे मोजत बसलो होतो. माझ्या धाकट्या भावाने भिंतीला टेकून, निकामी गोळी जिभेखाली धरून मरावं आणि मी शब्द पाळल्याचं समाधान घेऊन जगावं, हे मला जमणार नाही. राग धर, बोलू नकोस, पत्र टाकू नकोस. पण जिवंत राहा.

फुसाए

ओजिरो, १६ फेब्रुवारी २००९

गेनसाकु,

वीस दिवस झाले. रोज टपालवाल्याची वाट पाहते. तो आता लांबूनच हात हलवून नाही म्हणतो.

कोठारात फोन केला होता. मालकीणबाई फार गोड बोलल्या. "गाळप चालू आहे, मेस्त्री कामात आहेत, काळजी करू नका." त्या इतक्या गोड बोलल्या की माझी काळजी वाढली. तामेजीची बायको माझ्यासमोरून मान खाली घालून गेली.

रागावला असशील तर नुसता कोरा कागद पाकिटात घाल. पत्त्यावरचं तुझं अक्षर दिसलं तरी पुरे.

ताई

नारा, जिल्हा रुग्णालय, २१ फेब्रुवारी २००९

ताई,

जिवंत आहे. अक्षर वाकडं आलंय ते हाताला सुई लावलीय म्हणून.

क्रमाने सांगतो. तुझं पत्र यायच्या आधीच डॉक्टर आले. नवी साके चाखायला आलो म्हणाले. चाखली, वाखाणली आणि जाताना माझ्या हातात एक छोटी बाटली दिली. "मेस्त्री, गोळीऐवजी हा फवारा जिभेखाली मारा. उकाड्याने बिघडत नाही." चेहऱ्यावर काही दाखवलं नाही त्यांनी. मला वाटलं, बाटलीच बदलली. दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं आणि सगळं कळलं, फवाऱ्यातलं औषधच वेगळं होतं. ताई, मी फार संतापलो. तुला दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही चुलीत घातली. त्यांत काय होतं ते विचारू नकोस.

सहा तारखेला गाळपाच्या वेळी छातीत आलं. आधीच्या कुठल्याही वेळेपेक्षा जोरात. हात बधिर, कपाळावर घाम, उभा होतो तिथेच बसलो. तामेजीने माझ्या खिशातून फवारा काढून तोंडात मारला. आणि ताई, सुटलं. पूर्ण गेलं नाही, पण आवळलेली मूठ कुणी सैल करावी तसं ते हळूहळू सुटत गेलं. गाडी येईपर्यंत मी श्वास घेऊ शकलो. इथल्या डॉक्टरांनी मनगटातून तार घालून रक्तवाहिनी उघडली. म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हृदयाचा मोठा भाग गेला असता.

तुला कळवू नका असं मीच मालकीणबाईंना सांगितलं होतं. बर्फातून निघून आली असतीस तू. आणि खरं सांगायचं तर तोंड दाखवायची लाज वाटत होती. तू शप्पथ मोडलीस म्हणून मी हे पत्र लिहितोय. यापुढे माझ्या कुठल्याही शपथेला तू बांधील नाहीस.

रेन्जीला पत्र टाकलंय. मेजवानीला बोलावलंय. आला नाही तर समजून घेईन.

गेनसाकु

नारा, १५ मार्च २००९

ताईस, गेनसाकुचा नमस्कार.

काल हंडा आडवा केला. रेन्जी आला होता.

केस पांढरे व्हायला लागलेत की ग त्याचे. दारात उभा राहून "मामा" म्हणाला आणि वाकला, मीही वाकलो. शेवटी मालकीणबाईंनी दोघांना आत ढकललं.

सगळे बसले, ताटं मांडली, माझी सुरई माझ्यापुढे आली. तामेजी ओतायला पुढे झाला तसा मी त्याचा हात धरला. म्हटलं, "आधी वास घे."

त्याने घेतला. "मेस्त्री, हे पाणी आहे."

"एकोणीस वर्षं पाणीच आहे."

आणि मग सगळं सांगितलं. जत्रेतलं, लग्नातलं, व्रताचं. डॉक्टरांना खोटं बोललो आणि त्यापायी जीव जाणार होता, तेही. कुणी चॉपस्टिक उचलेना. मी मालकांकडे बघायचं टाळत होतो. पहिला बोलला तामेजी, आणि त्याचा आवाज रडवेला होता.

"मेस्त्री, नऊ वर्षं! तुमच्याकडे बघून मीही देवाला शब्द दिला होता. नऊ हंगाम थेंब गिळला नाही मी! थंडीत, सर्दीत, बाप गेला त्या दिवशीसुद्धा!"

मला तोंड लपवायला जागा नव्हती. मग पलीकडून कोणीतरी फुसकन हसलं, मग सगळेच, शेवटी तामेजीही, डोळे पुसत. पण त्याचा राग खरा होता. आज सकाळीही तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. मला तो सोसलाच पाहिजे.

मालक म्हणाले, "मेस्त्री, आम्ही तुमच्या जिभेवर कोठार चालवलं, घशावर नाही. नोव्हेंबरात सहाही जणांना घेऊन या. पण आता देवापुढे जाऊन तुमचं तुम्ही बघा." जाऊन आलो. बराच वेळ बसलो.

नंतर रेन्जीकडे वळलो. त्याला मी काय म्हणालो होतो ते सगळ्यांसमोर म्हणालो होतो, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागितली. हात टेकून, कपाळ चटईला लावून. तो म्हणाला, "उठा मामा, छातीवर ताण येईल." एवढंच म्हणाला. क्षमा केली असं म्हणाला नाही, आणि मी विचारलंही नाही.

मग मी आमच्या परीक्षणाच्या पिंपातली साके एका वाटीत ओतून त्याच्यापुढे ठेवली. "चाखून थुंक," म्हटलं. त्याने तोंडात घेतली, डोळे मिटले, थुंकली. कान लाल व्हायला लागले होते. म्हणाला, "सुरुवात सुंदर आहे. शेवटी जिभेच्या डावीकडे किंचित कडवट लागतं. चौथ्या दिवशी आंबवणाला थंडी कमी पडली का?"

ताई, चौथ्या दिवशी खिडकी बंद राहिली होती. हे कोठारात फक्त मला ठाऊक होतं, आणि ती कडवट चव माझ्याशिवाय कुणालाही लागली नव्हती.

त्याची जीभ माझ्यापेक्षा चांगली आहे. आणि तुला सांगतो, अठरा वर्षांपूर्वी त्या आठ दिवसांतच मला ते कळलं होतं.

तुझा,
गेनसाकु